माळ्यावरचा डबा

चि. ओम यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत आलास तेव्हा फ्रेंच लेखक काम्यूचं 'द फर्स्ट मॅन' उशाशी विसरून गेलास. विसरलास की मुद्दाम ठेवलंस, ते तुझं तू जाण. डिक्शनरी घेऊन बसलो, तीन आठवडे लागले. काय लांब वाक्यं रे त्याची! मग कळलं, ४ जानेवारी १९६० ला गाडीच्या अपघातात तो गेला तेव्हा हे १४४ पानांचं हस्तलिखित त्याच्या बॅगेत होतं. त्यावर हात फिरवायला वेळच मिळाला नाही. मुलीनं अक्षर लावलं, १९९४ ला छापलं. बापाचं अक्षर लावत बसलेली ती लेक मला गोष्टीतल्या पोरापेक्षाही जवळची वाटली.

गोष्टीतला चाळिशीचा झाक फ्रान्समधल्या सँ-ब्रियूला बापाची कबर बघायला जातो. १८८५-१९१४. सहज वजाबाकी करतो, एकोणतीस. म्हणजे बाप आपल्यापेक्षा लहान! तिथं पुस्तक मिटून पडवीत येऊन बसलो. तू झालास तेव्हा मी एकोणतीसचा होतो आणि सिंगापूरला इंजिनरूममध्ये होतो. येत्या मे महिन्यात तू एकोणतीसचा होशील. त्याच्या बापाला लढाईनं नेलं, त्याला इलाज नव्हता. मी दर वेळी कॉन्ट्रॅक्टवर सही करून गेलो.

त्या बापाच्या अंगातून निघालेला तोफगोळ्याचा तुकडा इस्पितळानं बायकोकडे पाठवला होता. तिनं तो बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवलेला.

रविवारी पंप बिघडला म्हणून पान्हा शोधायला माळ्यावर चढलो, तर तुझा डबा हाताला लागला. मीच आणलेला, बटर कुकीजचा निळा. आत माझ्या सुटकेसचे विमानाचे टॅग. अकरा. मी दारात आलो की तू कात्री घेऊन हँडलशी झटायचास. मला वाटायचं, चॉकलेटची घाई. प्रत्येक टॅगच्या मागे पेन्सिलीनं आकडा आहे, ५८, ६१, ४४. मला काही उलगडेना. आईला दाखवले. ती बघितल्याबरोबर म्हणाली, "अहो, तुमच्या सुट्टीचे दिवस आहेत ते."

अकराव्यावर आकडा नाही. तेव्हा तू बारावीला होतास. का नाही, ते आलास की सांग. फोनवर नको.

डबा होता तिथेच ठेवलाय. पंप अजून बंदच आहे.

तुझा,
बाबा