सगळं खापर पायावरच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला थॅडियस स्टीव्हन्सवरचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या त्या गुलामगिरीविरोधी पुढाऱ्यावरचा लेख वाचला आणि हातातला चहा गार झाला. लेखकमहाशयांनी कष्ट घेतले आहेत, नाही म्हणत नाही. पण जन्मतः वाकडं पाऊल, म्हणून कडवटपणा, म्हणून दक्षिणेतल्या गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांवर सूड! अख्खा माणूस पायातच गुंडाळलात की हो.

मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. पुढे एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. एकदा पगारातल्या फरकाचा हिशेब लेखी मागितला, तर मुख्याध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले, "सरांना एक खोड जास्तच. पायामुळे होतं असं." शिक्षक हसले, शिपाईसुद्धा हसला. चौदा महिन्यांनी फरक मिळाला, आकडा माझाच बरोबर निघाला. तोवर मी 'तापट' म्हणून कायमचा ठरलो होतो. धडधाकट माणसाने तोच कागद दिला असता, तर त्याला लोक 'नियमाला धरून चालणारा' म्हणाले असते.

शाळेवरून आठवलं. पेनसिल्व्हेनियातला सार्वजनिक शाळांचा कायदा 1834 चा. पुढच्याच वर्षी तो मोडीत निघत होता, तिथल्या सिनेटने रद्दही करून टाकला होता. गेटिसबर्गचा वकील असलेला हा स्टीव्हन्स राज्याच्या प्रतिनिधिगृहात उभा राहिला, बोलला, आणि कायदा वाचला. यात सूड कोणावर? याची लेखात एक ओळ नाही. त्यांच्या डोक्यावरच्या केसांच्या टोपाला मात्र अख्खा परिच्छेद!

म्हणे 1863 मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेने त्यांचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळला, तेव्हापासून ते पेटले. अहो, 1838 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटना करणाऱ्यांत बसूनही तिच्यावर सही न करणारे हेच गृहस्थ. कारखाना जळायला अजून पंचवीस वर्षं होती.

टीकाच करायची तर 1821 चा खटला होता ना! चॅरिटी बटलर नावाची बाई स्वातंत्र्य मागत होती, आणि मालकाचं वकीलपत्र घेऊन तिला हरवणारे स्टीव्हन्सच. ते आपल्याला दिसलं नाही. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांत हा माणूस बसतो की नाही, हा प्रश्न विचारायला तिथे जागा होती.

शेवटी आपण लिहिलंत की ते 'एकाकीपणे एका आडबाजूच्या दफनभूमीत' पडले आहेत. लँकेस्टरमधल्या इतर दफनभूमींत फक्त गोऱ्यांना जागा होती, म्हणून त्यांनी ही मुद्दाम निवडली. एकांताची आवड म्हणून नव्हे, असं त्यांच्या थडग्यावरच कोरलेलं आहे. लेखासोबतच्या फोटोत तो दगडही आहे, वाचायचे कष्ट तेवढे राहिले.

ता. क. : शब्दकोड्याचं उत्तर गेले दोन रविवार छापलेलं नाही. आडवा शब्द 14 माझ्याकडे अजून अडलेला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा