काका, काडतुसं भरायची प्रेस निवडून दिल्याबद्दल

प्रिय काका,

मे महिन्यात तुमच्या त्रिमूर्तीनगरच्या गच्चीवर, पाणी मारून निववलेल्या फरशीवर बसून आपण बोललो. फोनवर नुसतं 'थँक्यू' म्हणून माझं समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र.

ओहायोत रायफलनं टार्गेटवर नेम धरणारे लोक काडतुसं घरीच पुन्हा भरतात, मलाही भरायचीत, हे ऐकल्यावर तुम्ही आधी विचारलं, "तिकडच्या कायद्यात बसते नं हे?" आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. तिथे स्वतःपुरतं चालतं, हे नीट समजून घेतल्यावरच तुम्ही पुढे बोललात. "महिन्याले किती झाडतोस?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. जो तो आपल्याकडची प्रेस कशी भारी, तेच सांगत होता. मी म्हटलं, शंभर-सव्वाशे. माझं मन प्रोग्रेसिव्ह प्रेसवर होतं. दांडा एकदा ओढला की चार-पाच कामं एकदम, तासाला शेकड्यांनी काडतुसं.

"मंग घाई कायची आहे तुले? समदं एका दमात होत असन, तं चुकलेलं कोण पाहीन?"

अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उभी हयात प्रेसवर काढलेल्या माणसाचे शब्द होते ते. मी सिंगल स्टेज घेतली, एका ओढीत एकच काम करणारी. फ्रेम बिडाची, 'ओ' आकाराची, कारण उघड्या 'सी' फ्रेमला जोर लागला की ती किंचित फाकते, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. डायचे, म्हणजे प्रेसमध्ये बसवायच्या साच्यांचे, आटे ७/८ इंचाचे, इंचाला १४. बहुतेक प्रेसना तेच चालतात, म्हणजे पुढे प्रेस बदलली तरी डाय वाया जात नाहीत.

आता ऐका. मागच्या महिन्यात बंदुकीची दारू भरलेल्या काडतुसांच्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या होत्या. गोळ्या बसवण्याआधी तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकेकीत टॉर्च मारला. एक रिकामी निघाली. तशीच झाडली असती तर नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या, जोरानं गोळी नळीत अडकली असती, आणि तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फुटू शकते. माझा गाल तिथून वीतभर अंतरावर असतो, काका. त्या रात्री मी पुढे काहीच भरलं नाही. बराच वेळ तुमचाच आवाज कानात होता.

डिसेंबरात येतोय. त्या पन्नासांनी भोकं पाडलेला टार्गेटचा कागद जपून ठेवलाय, तो तुमच्यासाठी आणतो.

तुमचा,
शेजारचा पोरगा