लेन्सचा दर कळला, उपयोग कोण सांगणार?

संपादक महोदय,

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी काउंटरवर लेन्सचे छापील दरपत्रक पुढे सरकवले गेले. साधी की फोल्डेबल? फरक विचारला, तर उत्तर : ‘महागातली चांगलीच असते ना!’ साडीचा दुकानदारही याहून जास्त माहिती देतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या, औषधी लेप असलेल्या स्टेंटची (बारीक जाळीदार नळीची) कमाल किंमत कर वगळून २९,६०० रुपयांवर आणली. उत्तम झाले. पण वस्तू स्वस्त करणे वेगळे आणि ती कोणाला कितपत उपयोगी पडते हे तपासणे वेगळे. त्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात ‘एचटीएइन’ ही यंत्रणा आहे. मोतीबिंदूच्या लेन्सचा खर्च आणि फायदाही तिने तोलला आहे. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ ही संस्था १९९९ पासून हेच काम करते, आणि औषध-उपचारांच्या मूल्यमापनात तिने ज्यांची शिफारस केली, त्यांचा खर्च तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला उचलावाच लागतो. आपल्याकडे मात्र अहवाल दिल्लीत आणि दरपत्रक काउंटरवर! निष्कर्षांचे एक पान मराठीत छापून त्या दरपत्रकाशेजारी का लावू नये?

आईने साधी लेन्स घेतली. परवा सुईत दोरा तिनेच ओवला.

– एक वाचक, सातारा