आई-अण्णा, यंदा नाही

लेह, १२ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि अण्णा यांना साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा भुगा झाला होता, तो चहात घालून खाल्ला.

फोनवर तीनदा विषय काढायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा उसाचा दर विचारून फोन ठेवला. शेवटी तुमची सूनच म्हणाली, ‘अण्णांना पत्र लिहा, तोंडी तुम्हाला जमायचं नाही.’ तर अण्णा, पेन्शनवर आलो की घरी येतो म्हणालो होतो, ते या हिवाळ्यात होत नाही. इथल्या एका गावातल्या पोरापोरींना आइस हॉकी शिकवायचं कबूल केलंय. पेन्शन घरच्याच खात्यात येईल, त्याला मी हात लावणार नाही.

तुम्ही म्हणाल, वीस वर्षं काठी घेऊन घसरलास, पदक कुठंय? नाहीच. बर्फावर एका वेळी पाच जण आणि गोलकीपर. पाऊण मिनिटात पाच दमून बाहेर, दुसरे पाच आत. मी कायम शेवटच्या पाचांत. बदली झाली की संघ बदलला. जोधपूरला तर बर्फ फ्रीजमध्येच, तिथं चाकांचे स्केट घालून सिमेंटवर घासलं. पण ज्यांना उपजत येतं त्यांना शिकवता येत नाही, हे मी बघितलंय. मला एकेक गोष्ट शंभरदा आपटून आली, म्हणून पोरगं कुठं पडणार ते मला आधी दिसतं. पूर्वी इथं लष्करी बुटांना पाती ठोकून खेळायचे. यंदा जूनमध्ये अल ऐनला आशिया कपात भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं, त्यात बहुतेक लडाखच्याच. आता आठ-आठ वर्षांच्या पोरी माझ्या दारात स्केट मागत उभ्या असतात.

नवख्या पोरांना बर्फावर प्लास्टिकची खुर्ची ढकलत चालायला शिकवतात. अण्णा, तुम्ही पाठीला भोपळा बांधून मला विहिरीत सोडायचा, आणि एक दिवस न सांगताच तो सोडून घेतलात. आई काठावरून तुम्हाला शिव्या घालत होती. खुर्ची कधी काढायची, ते मी तुमच्यासारखंच ठरवतो. सांगत नाही.

बाकी काम म्हणाल तर अर्धं आपल्या रानातलंच. तळं गोठलं की रात्री उणे वीसमध्ये पाइपनं पाणी सोडायचं, थरावर थर, म्हणजे सकाळी बर्फ सपाट. दारं धरणंच की! फक्त साप नाहीत.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. खोलीत बुखारी म्हणजे खोली तापवायची शेगडी आहे, अंगावर तुझी गोधडी आहे. घरमालकीण थुक्पा देते, शेवयांचं कालवणच म्हण. ज्वारीचं पीठ तेवढं पाठव. आणि एक कबूल करतो. माझा पुढचा दात नळावर घसरून पडला नव्हता, गोठवलेली रबरी चकती लागली होती. रागवू नकोस. आता तोंडाला जाळी लावल्याशिवाय एकालाही बर्फावर सोडत नाही, मीही लावतो.

आता माझं ऐका. अण्णा, रात्रीच्या लाइटला तुम्ही मोटर चालू करायला जायचं नाही. गड्याला सांगितलंय, पैसेही दिलेत. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. साताऱ्यातून कंदी पेढे आणले तर पुडा घरी येऊन फोडायचा, एसटीत नव्हे. दोन कमी असतात, हे नात मोजून सांगते मला. आई, गुडघ्याचा एक्स-रे डिसेंबरच्या आत. गाडी ठरवलीय. माळ्यावर चढायचं नाही, डबे खाली काढून ठेवायला सांगितलेत.

फेब्रुवारीअखेर तळं सुटायला लागतं. शिमग्याला मी घरी.

तुमचा,
बाळू

ता. क. अण्णा, पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. शब्द एका हिवाळ्याचा नाही, तीन हिवाळ्यांचा दिलाय. आईला वाचून दाखवताना एवढं गाळा. शिमग्याला मीच सांगतो.