माल्टाहून अण्णांना

मोस्टा, माल्टा

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. या महिन्यात रात्रपाळ्या कमी आहेत, म्हणून चक्क कागद घेऊन बसलेय. फोनवर तुम्ही "बरंय, आईकडे देतो" म्हणून मोकळे होता, आणि मला सांगायचंय ते तेवढ्यात उरकणारं नाही.

इथल्या झेंड्याच्या कोपऱ्यात एक क्रॉस आहे. दुसऱ्या महायुद्धात हे बेट इंग्रजांचं होतं आणि जर्मन-इटालियन विमानं त्यावर बॉम्ब टाकत होती. तेव्हा, 15 एप्रिल 1942 ला, इंग्लंडच्या राजानं या अख्ख्या बेटालाच शौर्यपदक दिलं, ते हे. त्या वेळचे इथले गव्हर्नर म्हणजे लेफ्टनंट जनरल विल्यम डॉबी. जन्म आपल्या मद्रासचा, 1879 चा. आमच्या वृद्धाश्रमातल्या एका आजींच्या तोंडी त्यांचं नाव आलं आणि मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचतच सुटले. माणूस तुमच्यासारखाच, पेन्शनीत निघालेला फौजी. पहिल्या महायुद्धात मुख्यालयात ड्यूटीवर होते, त्यामुळे 11 नोव्हेंबर 1918 च्या युद्धबंदीच्या तारेवर सही त्यांची. "महायुद्धात काय केलंत?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मी ते थांबवलं!"

पुढे मलायात होते. जपानी उत्तरेकडून जमिनीवरून सिंगापूरवर येतील, आणि पावसाळ्यातसुद्धा येतील, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1939 ला वय झालं म्हणून घरी बसवलं. मग युद्ध पेटलं आणि 1940 ला, साठी उलटलेली असताना, त्यांना या बेटावर धाडलं. "रिटायर माणसाला विचारतंय कोण" हे तुमचं पालुपद मला इथं आठवलं, तेवढं आईला सांगा. ती हसेल.

डॉबींना देवभोळे म्हणू नका, देवभक्त. वयाच्या चौदाव्या वर्षापासून. लढाई तोंडावर आली तेव्हा त्यांनी लेखी हुकूम काढला: अधिकारी असो की जवान, सगळ्यांनी नम्रपणे देवाची मदत मागावी आणि त्याच्यावर भरवसा ठेवून न डगमगता कर्तव्य करावं. गव्हर्नरच्या राजवाड्यात रात्री प्रार्थना व्हायची, जेवायला आलेले पाहुणेही बसायचे. आपल्याकडे हरिपाठाच्या वेळी येणाऱ्याची जी गत होते तीच. चहा नंतर, आधी टाळ. ते प्रोटेस्टंट, बेट कट्टर कॅथलिक, पण या लोकांना ते आपले वाटले. आणि बायको-मुलगी इथंच, बॉम्बच्या खाली, त्यांच्यासोबत. आई तुमच्या प्रत्येक फील्ड पोस्टिंगला फलटणात मागे राहिली, तिला यावर काय म्हणायचंय ते विचारा. मला विचाराल तर, मुलीला तरी पाठवायला हवं होतं.

मी राहते त्या मोस्टाच्या चर्चचा घुमट फोडून 9 एप्रिल 1942 ला एक बॉम्ब आत पडला. आत अडीच-तीनशे माणसं. फुटला नाही. लोक चमत्कार म्हणतात, त्या बॉम्बची प्रतिकृती चर्चमध्ये ठेवलीय. न फुटणारे बॉम्ब त्या काळी पुष्कळ असत, हे मला कळतं. पण त्या आजींपुढे हे बोलायची माझी छाती नाही.

आता खरी गोष्ट, खास तुमच्या खात्याची. मार्च 1942 मध्ये उपाशी बेटाकडे रसद घेऊन जहाजं निघाली. सुमारे 26,000 टन माल. काही वाटेत बुडाली, काही बंदरापर्यंत येऊन बॉम्बखाली गेली, आणि हाती लागला फक्त पाच हजार टनांच्या आसपास. बंदरात आलेली जहाजं भराभर रिकामी झाली नाहीत, हा ठपका डॉबींवर आला. बाकीच्या अधिकाऱ्यांनी वर कळवलं, की माणूस थकलाय. मला तो ठपका अगदीच खोटा वाटत नाही. तुम्ही आयुष्यभर एएससीत, फौजेच्या रसद खात्यात, रेशन मोजलंत. पालखी लोणंदला आली की भाकऱ्यांचा हिशेब आदल्या रात्री मांडता आणि मगच "माउली" म्हणता. डॉबींकडे माउली होती, पण गोदीवरची माणसं आणि गाड्या वेळेत हलवणारा तुमच्यासारखा कुणी हवा होता.

पदकानंतर तीनच आठवड्यांत, 7 मे ला, नवे गव्हर्नर लॉर्ड गॉर्ट उतरले. त्याच रात्री डॉबी बायको-मुलीला घेऊन निघाले. कटुता धरून बसले नाहीत. पुढे गावोगावी जाऊन देवाबद्दल बोलत राहिले, 1964 ला गेले. देवस्थानाच्या कमिटीतून तुमचं नाव कमी केल्यापासून तुम्ही त्या वाटेनंही जात नाही, असं दादा सांगत होता. विठोबानं तर तुम्हाला काढलेलं नाही ना? बोलले, राग मानू नका.

माझं एक काम करा. बंदरात दोन जहाजं, वरून दर दोन-चार तासांनी बॉम्ब, क्रेन कमी, मजूर घाबरलेले. तुमच्याकडे ऑर्डर असती तर माल कसा उतरवला असता? नीट लिहून कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवू नका. गुडघ्याची गोळी जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नको. आईला नमस्कार, आणि मेतकूट संपलंय हेही तिला सांगा.

तुमची,
धाकटी