का हरलो, ते कळले पाहिजे

महोदय,

शाळांना सुट्टी लागली की घरोघरी व्हिडिओ गेमवरून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'एवढी चिडचिड होते, तर खेळतोस कशाला?' मुलाला उत्तर देता येत नाही आणि आईवडील त्याचा अर्थ व्यसन असा लावून मोकळे होतात. उत्तर खेळाच्या रचनेत आहे. अवघड व्हिडिओ गेममध्ये जिंकण्याचा क्षण फार थोडा असतो. खरी गोडी असते ती आपण का मेलो हे कळण्यात, कारण ते कळले की पुढचा डाव वेगळा खेळता येतो. जो गेम हे कळू देतो, त्यात पन्नासदा हरूनही माणूस परत बसतो. जो कळू देत नाही, त्यात तीनदा हरले तरी संताप येतो, आणि तो संताप रास्त असतो.

'एल्डन रिंग' (2022) मधला मार्गिट हा बॉस, म्हणजे वाट अडवणारा बलाढ्य शत्रू घ्या. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर तो उभा असतो आणि असंख्य नवखे तिथेच अडकतात. तो काठी उचलतो, आपला अंगठा आपसूक डॉजच्या, म्हणजे लोळून वार चुकवण्याच्या बटणावर जातो. पण तो काठी वर धरून थांबतो आणि मग मारतो. तोवर आपली लोळण संपलेली असते, फटका नेमका उठताना बसतो. सुरुवातीला ही लबाडी वाटते. पण काठीऐवजी त्याच्या खांद्याकडे पाहिले तर वार कधी सुटतो ते दिसू लागते. काठी वर गेल्यावर नव्हे, खाली येऊ लागल्यावर बटण दाबायचे, आणि मागे न पळता त्याच्या बगलेकडे लोळायचे, कारण मागे पळणाऱ्याला काठीची लांबी गाठते. हे हातात बसवायचे असेल तर पहिले काही डाव एकही वार करू नये, नुसते चुकवत राहावे. 'आणखी एक घाव घालू' या हावेपायी जितके जण मरतात, तितके संथ हातांमुळे मरत नाहीत.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे अंगावरचे ओझे. या गेममध्ये ओझे क्षमतेच्या 70 टक्क्यांवर गेले की लोळण जड आणि संथ होते. 70 च्या आत ती नेहमीसारखी, 30 च्या आत चपळ. सापडलेले भारी चिलखत चढवायचे आणि मग 'डॉज लागतच नाही' म्हणायचे, ही नेहमीची तक्रार. चिलखताचा एखादा भाग उतरवला की निम्मी अडचण संपते. शिवाय मार्गिटला लगेच हरवायची सक्ती नाही. दक्षिणेकडच्या भागात फिरून, बळ वाढवून परत येता येते. जाण्याआधी जमवलेले रुन्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारे आणि बळ वाढवायला लागणारे चलन, मात्र खर्चून टाकावेत. मेल्यावर ते त्या जागी पडतात आणि उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात.

'एल्डन रिंग'च्याच कंपनीच्या 'सेकिरो' (2019) मध्ये गाठ वेगळी आहे. तिथे पळायचे नाही, तलवारीवर तलवार अडवायची. घाबरून ब्लॉकचे बटण भराभर दाबले की अचूक अडवण्याची फट आणखी अरुंद होत जाते. म्हणजे घाईची शिक्षा गेमच्या नियमातच बसवलेली आहे. प्रत्येक वाराला एकदाच, आवाजाच्या ठेक्यावर बटण दाबणारा पुढे जातो.

इथे यंत्राचा भाग येतो आणि बरीच मुले स्वतःला विनाकारण दोष देतात. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते, 30 असतील तर 33.3. त्यात दिवाणखान्यातला मोठा टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी प्रत्येक चित्र थोडे रोखून धरतो. हा उशीर डोळ्याला जाणवत नाही, बोटाला जाणवतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करावा, 'मोशन स्मूदिंग' बंद करावे. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे ठेका ऐकून अडवणाऱ्याची प्रत्येक वेळ चुकते. तारेचा हेडफोन लावला की फरक तिथल्या तिथे कळतो. जुना पीसी असेल तर आधी सावल्यांचा दर्जा उतरवावा, मग रिझोल्यूशन. 40 ते 60 मध्ये हेलकावणाऱ्या वेगापेक्षा स्थिर 30 बरे, कारण हाताला एकच वेळ शिकायची असते.

कंट्रोलरची स्टिक न हलवता पात्र सरकू लागले तर ते स्टिक ड्रिफ्ट. स्टिक किती वळली ते मोजणाऱ्या, तिच्याखालच्या पोटेन्शिओमीटरचा कार्बनचा पट्टा झिजतो किंवा त्यावर कचरा बसतो. आपल्याकडची दमट हवा आणि धूळ त्याला हातभारच लावते. पहिला उपाय फुकट आहे : गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजत नाही ती मर्यादा, थोडा वाढवा. दुसरा, कंट्रोलर बंद करून स्टिकच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोनतीन थेंब सोडा, स्टिक गोल फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. एवढ्यानेही थांबले नाही तर लॅमिंग्टन रोडवर सोल्डरिंग करून स्टिक बदलून घ्यावी. चुंबकावर चालणारी हॉल इफेक्ट स्टिक मिळाली तर उत्तम, तिच्यात घासणारा पट्टाच नसतो.

सोपा मोड घेणे म्हणजे कमीपणा, हे मत मला साफ अमान्य आहे. 'सेलेस्ट' (2018) हा उड्यांचा अतिशय कठीण गेम. त्यातल्या असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो, दम अमर्याद करता येतो. मुळातही तो खेळाडूच्या बाजूने उभा आहे : कडा सोडल्यानंतरही एक दशांश सेकंदापर्यंत उडीचे बटण चालते, आणि मेलात की क्षणात त्याच खोलीच्या तोंडाशी परत. अंधेरी ते चर्चगेट प्रवासात हातातल्या कन्सोलवर चारदोन खोल्या सहज होतात. 'हेडीज' (2020) चा गॉड मोड सुरुवातीला 20 टक्के इजा कमी करतो आणि प्रत्येक मरणासोबत 2 टक्के वाढवत 80 पर्यंत नेतो. शिकायचे सगळे तसेच राहते, फक्त वेळ जास्त मिळतो. ज्यांची बोटे सांधेदुखीने आखडतात, त्यांच्यासाठी हा मोड म्हणजे खेळण्याची परवानगीच आहे.

उलट, सगळीच कठीणता मानाची नसते. मेल्यावर बॉसपर्यंत तीच लांब वाट दरवेळी तुडवायला लावणे यात शिकण्यासारखे काही नाही, तो निव्वळ वेळेचा अपव्यय. मोबाइलवरचे कित्येक गेम तर ठरावीक टप्प्यावर मुद्दाम अडवतात. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव संपले की एक परत यायला अर्धा तास, नाहीतर पैसे. पैसे मोजून जी अडचण सुटते, ती कौशल्याची परीक्षा नव्हे. मुलांच्या हातात काय आहे हे तपासताना पालकांनी आधी हे पाहावे.

आणि जेवायला हाक मारण्यापूर्वी एक माहीत असावे : 'सेकिरो'ला पॉज आहे, त्याच कंपनीच्या 'डार्क सोल्स'ला नाही. तिथे 'आलो, दोन मिनिटं' हे खरे असते. मुलाला मेनूतून गेम बंद करायला सांगा, प्रगती जपली जाते. रात्री अडलेला बॉस तसाच सोडून झोपावे. झोपेत हाताची सवय पक्की होते आणि दमल्यावर होणाऱ्या चुकांचीच सवय हाताला लागत नाही.

आपल्या पुरवणीत गेमची ओळख छापताना ग्राफिक्स आणि किमतीसोबत एवढे जरूर द्यावे, ही विनंती : पॉज मिळतो का, हरल्यावर किती वेळात आणि किती लांबून पुन्हा सुरुवात होते, वेग किंवा इजा कमी करता येते का, बटणांची मांडणी बदलता येते का, आणि खेळताना पैसे मागितले जातात का.

– गेम टेस्टिंगच्या व्यवसायातील एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई