गाडीला आधी थांबायला शिकव

दादर, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. परवा तू फोनवर तुझ्या रिमोटवर चालणाऱ्या खेळातल्या गाडीचा जो पाढा वाचलास, त्याचं उत्तर तिथल्या तिथे देणार होतो. पण चर्चगेट लोकलच्या गर्दीत मी "ब्रेक किती टक्के ठेवलायस?" असं ओरडायला लागलो तेव्हा शेजारचा माणूस दचकून बघायला लागला. म्हणून आता जेवणबिवण उरकून निवांत लिहायला बसलोय.

तुझ्या मुख्य तक्रारी तीन. रिमोटचा ट्रिगर ओढला की गाडी मागच्या चाकांवर उभी राहते. ब्रेक मारला की गिरकी घेते. आणि बॅटरी फुल चार्ज करूनसुद्धा थोड्या वेळात मरगळते. यावर तुझा उपाय काय, तर नवी मोटर! अरे, थांब जरा, पाकिटाला हात लावू नकोस. मोटर ठणठणीत आहे. दुखणं ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग आणि ब्रेक सांभाळणाऱ्या त्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या, सेटिंगमध्ये आहे. तू ज्याच्याकडून गाडी सेकंडहँड घेतलीस, तो ती मोकळ्या मैदानात पळवायचा, म्हणून त्याने सेटिंग तशी लावून ठेवली. आता तीच सेटिंग रत्नागिरीला तुझ्या जांभ्याच्या अंगणात म्हणजे महालक्ष्मीच्या रेसचा घोडा टांग्याला जुंपल्यासारखं झालंय.

माझं म्हणणं एवढंच की वेगाच्या सेटिंगला हात लावायच्या आधी ब्रेक लावून घे. लोक नेमकं उलटं करतात. गाडी हातात आली की पहिल्यांदा पंच (ट्रिगर ओढताच मिळणारा झटका) वाढवतात, मग टायमिंग (मोटर जादा वेगाने फिरवायची सेटिंग), आणि गाडी भिंतीला आपटून पुढच्या चाकाचा आर्म मोडला की ब्रेकची आठवण येते. मोटर, गिअर, बॅटरी तीच ठेवून नुसते ब्रेक जुळवले तरी गाडी वळणात लवकर सावरते आणि एकूण जास्त जोरात पळवता येते.

पण त्याच्याही आधी कॅलिब्रेशन, म्हणजे ईएससीला तुझ्या रिमोटच्या ट्रिगरची ओळख करून देणं. हे टाळलंस तर पुढचं सगळं वाया. गाडीतला रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा) ईएससीला साधारण सेकंदाला 50 वेळा एकेक छोटा पल्स पाठवतो. तो दीड मिलिसेकंदाचा असला की न्यूट्रल, दोनच्या आसपास गेला की एका बाजूचं टोक, एकपर्यंत उतरला की दुसऱ्या बाजूचं. प्रत्येक रिमोटची टोकं थोडी इकडेतिकडे असतात, ती ईएससीला एकदा दाखवून द्यावी लागतात. न्यूट्रल चुकला तर उभी गाडी हळूच सरकते, किंवा तू ट्रिगर सोडलास तरी ईएससीला वाटत राहतं की अजून थोडा थ्रॉटल आहे.

तर गाडी एका खोक्यावर अशी ठेव की चारही चाकं अधांतरी राहतील. पोराला लांब बसव. रिमोटवर थ्रॉटलचं ट्रिम (न्यूट्रल थोडा सरकवणारं बटण) शून्यावर आण आणि दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट (ट्रिगरच्या टोकांची मर्यादा) 100 टक्क्यांवर. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना बरोब्बर उलटं, हे पोराच्या डोक्यात पक्कं बसव. आता ईएससीवरचं सेटचं बटण दाबून धर आणि स्विच ऑन कर. दिवा लुकलुकायला लागला की बटण सोड. ट्रिगर मोकळा ठेवून बटण एकदा दाब, एक बीप येईल. ट्रिगर पूर्ण ओढून धर, बटण दाब, दोन बीप. ट्रिगर पुढे पूर्ण ढकलून धर, बटण दाब, तीन बीप. झालं. सेटच्या एका बटणाचे बरेचसे ईएससी असंच वागतात, तरी तुझ्या मॉडेलचं माहितीपत्रक समोर ठेव. आणि एक गंमत बघ, बीप ईएससीतून येत नाही. त्याला स्पीकर नसतोच. तो मोटरच्या वेढ्यांतून बारीक करंट सोडतो आणि मोटर स्वतः थरथरून तो आवाज काढते. मोटरच्या कॅनवर बोट ठेवून बघ, बीपबरोबर हलकी गुदगुली होते.

आता तुझी मरगळ. गाडीबरोबर आलेली बॅटरी सहा सेलची, 7.2 व्होल्टची आहे असं तू म्हणालास. मग ती एनआयएमएच, म्हणजे निकेलवाली. आणि आधीच्या मालकाने ईएससी लिपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीच्या मोडवर) ठेवला असणार, कारण तो लिपोच वापरायचा. लिपोच्या मोडमध्ये ईएससी दोन सेल धरतो आणि सेलमागे, समज 3.2 व्होल्टला, म्हणजे एकूण 6.4 ला पॉवर कापतो. तुझ्या बॅटरीचा एकेक सेल 1.2 व्होल्टचा. ट्रिगर जोरात ओढला की तो सहज 1.05 पर्यंत बसतो, म्हणजे सहा मिळून 6.3. बॅटरीत जीव शिल्लक असतो, पण ईएससीला वाटतं लिपो संपली. बॅटरी टाइप बदल, मरगळ जाईल.

मात्र उद्या लिपो आणलीस तर तेच सेटिंग आठवणीने परत लिपोवर आण. इथे हयगय नको. लिपोचा सेल भरलेला असताना 4.2 आणि एरवी 3.7 चा. 3 च्या खाली गेला की बॅटरी फुगते, आणि फुगलेली लिपो घरात ठेवायची वस्तू नव्हे. मी कटऑफ 3.4 ला ठेवतो. गाडी काही मिनिटं आधी थांबते, थांबू दे.

गाडी गरम होऊनही बंद पडते, ते वेगळं. व्होल्टेजचा कटऑफ असेल तर जरा थांबल्यावर ती परत पळते आणि लगेच परत बसते. गरम झाली असेल तर पुरती निवल्याशिवाय हलत नाही. कोविडच्या वेळी घेतलेली कपाळाची बंदूक मोटरवर धरू नकोस, ती तापाच्या वरचा आकडा दाखवतच नाही. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर लॅमिंग्टन रोडवर मिळतो, तुझ्यासाठी एक घेऊन ठेवतो. मोटर 80 अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. जात असेल तर पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) एक-दोन दात लहान लाव.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहितो. तुझी गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे. मोटर फक्त मागच्या चाकांना जोडलेली, म्हणजे ब्रेकही फक्त मागच्याच चाकांना. ईएससी ब्रेक मारतो म्हणजे मोटरचे वेढे शॉर्ट करतो, मोटर जनरेटर होऊन चाकांना अडवते. आता ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमकी तीच अडलेली. मग शेपूट पुढे येणारच. ट्रिगर ओढल्यावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं उचलतात, तुझी पहिली तक्रार ती. म्हणजे दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चायना मोझॅक आहे, फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचं. लांबून खडबडीत वाटतं, पण वर धुळीचा थर बसला की रबरी टायर त्यावर तूप लावल्यागत घसरतात. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला कठडा, आणि कठड्याखाली सहा मजले. इथे 100 टक्के ब्रेक ठेवला की गाडी दर वेळी टाकीला पाठ दाखवून उभी. ब्रेक 50 वर आणला आणि ती सरळ रेषेत थांबायला लागली, थोडी लांब थांबते पण तोंड पुढे असतं. तुझ्याकडे जांभ्यावर लाल माती सुटते ना? तू 25 पासून सुरुवात कर. मध्यम वेगात सरळ नेऊन ट्रिगर पूर्ण ढकल. मागची बाजू हलली नाही तर एक पायरी वाढव. हलली की एक पायरी खाली, तिथेच ठेव.

ड्रॅग ब्रेक निराळा. ट्रिगर नुसता सोडला की आपोआप लागणारा हलका ब्रेक तो. मी गच्चीवर 10 टक्के ठेवतो, म्हणजे वळणाआधी बोट सैल केलं की गाडी नाक खाली घालून वळते, ट्रिगर ढकलावा लागत नाही. तुझ्या मातीत आधी शून्य ठेव. ज्यांच्या क्रॉलर गाड्या दगडांवर चढतात ते हाच ब्रेक 100 ठेवतात, उतारावर गाडी अडकून राहावी म्हणून. त्यांचं ऐकून तू 100 केलंस तर पळत्या गाडीचं काय होईल ते सांगायला नको.

मग पंच. अगदी खालच्या पायरीवर आण आणि एकेक चढव, पुढची चाकं उचलायला लागली की एक मागे. माती सुटी असेल तर कमी पंचाने गाडी जास्त जोरात निघते, कारण चाकं जागच्या जागी फिरून धुरळा उडवत नाहीत. धुरळ्याने बघणारे खूश होतात, ते सोड.

पोराच्या हातात देताना वेग कमी करायचा तर रिमोटवर 50-75-100 चं बटण आहे, ते 50 वर टाक. पण कॅलिब्रेशन 100 वर असतानाच करायचं. 50 वर असताना केलंस तर ईएससी त्या 50 लाच पूर्ण थ्रॉटल धरेल आणि पोरगं सुसाट सुटेल.

रिव्हर्स "बिघडलाय" म्हणतोस तो बिघडलेला नाही. पहिल्यांदा ट्रिगर ढकलला की ब्रेक, सोडून परत ढकलला की रिव्हर्स, असा तो मोड आहे. थेट रिव्हर्सचा मोडही असतो, पण तो क्रॉलरवाल्यांसाठी. पळत्या गाडीला एकदम उलटं फिरवलंस तर स्पर गिअरचे (पिनियनला लागून फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात हातात येतील.

टायमिंगला हात लावू नकोस. वाढवलं की आरपीएम (मोटरचे मिनिटाचे फेरे) वाढतात, त्याबरोबर उष्णताही, आणि तुझ्या अंगणात त्या जादा आरपीएमला जागाच नाही.

तुला हे सगळं किचकट वाटत असेल तर 1984 सालची तामिया कंपनीची रिमोटची गाडी ग्रासहॉपर आठव. तिच्यात ईएससी नव्हताच. सर्व्होचा हात एका मेकॅनिकल स्विचवर सरकायचा, कमी वेग हवा असला की जादा वीज रेझिस्टरमधून जाऊन नुसती तापायची. ड्रॅग ब्रेक, पंच वगैरे चोचले कुठले!

पावसात चालवलीस तर ईएससी वॉटरप्रूफ असेलही, पण बेअरिंग नसतात आणि पंखाही नसतो. समुद्राच्या वाळूत तर नेऊच नकोस. मी दादर चौपाटीच्या इतक्या जवळ राहून गाडी तिकडे कधी नेत नाही. खारं पाणी स्क्रूच्या खाचेत बसलं की दुसऱ्या दिवशी तांबूस.

दिवाळीच्या सुट्टीत वहिनींना आणि पोराला घेऊन येतोयस ना? काकूंनाही आण, आई रोज विचारते. गाडी जरूर आण, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून आधीच मागून ठेवतो. तोवर लिपो घेतलीस तर ती पूर्ण भरून ठेवू नकोस, सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेव आणि प्रवासात हातातल्या पिशवीत घे. चार्जर आणायची गरज नाही, माझा आहे. फक्त प्लग टी आहे की एक्सटी60 तेवढं कळव, म्हणजे त्याची वायर सोल्डर करून ठेवतो.

तुझा,
पक्या